मदत हवी आहे: डबल बार बंदुकीची उजवी नळी थंडीत मिसफायर

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला केळीचा मळा आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची जुनी डबल बार (दुनळी बंदूक) आहे, ठोका देणारे घोडे बाहेर असलेली. परवाना चालू, माझ्याच नावावर.

थंडी पडल्यापासून उजवी नळी दगा देते. घोडा पडतो, टक् होतं, बार होत नाही. डावी बिनतक्रार.

काडतुसं जुनी असतील असं पहिलं कोणीही म्हणेल, म्हणून नव्या पेटीतली लावली, तेच. उजवीत न उडालेलं काडतूस डावीत पहिल्याच ठोक्याला उडतं. (मिसफायर झाला की नळी मोकळ्या दिशेला धरून थांबतो, मगच उघडतो. हे आधीच सांगून ठेवतो.) काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर (जिथे ठोका बसून बार पेटतो) पडणारा खळगा उथळ, आणि जरासा बाजूला पडलेला. घोड्याचा ठोका टोपीला पोचवणाऱ्या पिनचं टोक बाहेरून गोल, धड दिसतं. रॉकेलने पुसून पातळ तेल दिलं. दुपारी उन्हात बरी चालते, पहाटे पुन्हा रडगाणं.

लॉक (घोड्याची आतली यंत्रणा) स्वतः खोलणार नाही, परवानाधारक कारागिराकडेच नेईन. पण जवळ कोणी नाही, त्यामुळे एकाच खेपेत काम व्हावं. पिनच्या भोकात जुनं तेल घट्ट झालंय, की घोड्याची स्प्रिंग थकलीय? आणि खळगा बाजूला पडतो तो यातल्या कशाने, की पिनच बदलायला सांगू?