ब्रेक ऑइल काळं पडलंय म्हणून बदलायचं का?

गाडी तीन वर्षांची, फिरली जेमतेम १८ हजार किलोमीटर. सर्व्हिसिंगला दिली तर मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडून दाखवलं, "बघा, काळं पडलंय." ऑइलमधलं पाणी तपासणारा पेनासारखा टेस्टर बुडवला, पिवळा दिवा लागला. पण पेडल एकदम घट्ट आहे, गाडी जागच्या जागी थांबते. पातळीही थोडी उतरली आहे, तेवढी वरून भरली तर नाही का चालणार?

प्रतिसाद १
रंगावर जाऊ नका. काळं दिसणारं ठीक असू शकतं आणि स्वच्छ दिसणाऱ्यात पाणी मुरलेलं असू शकतं. डॉट ३, डॉट ४ या प्रकारांची ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा ओढतात, रबरी होजमधूनसुद्धा. गाडी नुसती उभी असली तरी हे चालूच, म्हणून तुमचे १८ हजार इथे कामाचे नाहीत, तीन वर्षं कामाची. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १५५ वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापला की आतलं पाणी उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल सरळ खाली! थंड गाडीत घट्ट पेडल लागतं, त्यावरून याचा काहीच अंदाज येत नाही.

पेनवाला टेस्टर अंदाजापुरता. तो टाकीतलं बघतो, कॅलिपरजवळचं नाही. ऑइल गरम करून उत्कलनबिंदू मोजणारं यंत्र मिळालं तर त्याचं ऐका. नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय?

प्रतिसाद २
वरून भरू नका. पॅड झिजले की कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी उतरते. मी एकदा मॅक्सपर्यंत भरलं, पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, ऑइल बाहेर सांडलं आणि बॉनेटखालचा रंग सोलून निघाला. आधी पॅड बघा. ते जाड असतील तर गळती शोधा.

प्रश्नकर्ता
पुस्तिकेत 'दर दोन वर्षांनी' आहे. मी ते किलोमीटरच्या रकान्यात शोधत बसलो होतो! पुढचे पॅड बरेच झिजलेत, गळती नाही. पॅड आणि ऑइल दोन्ही बदलतो. घरी डॉट ४ ची अर्धी बाटली आहे, गेल्या वर्षी उघडलेली. तीच देऊ का?

प्रतिसाद १
ती नको. उघडलेली बाटलीही ओलावा ओढते. सीलबंद आणायला सांगा आणि चारही चाकांचं ब्लीडिंग (चाकांपर्यंतचं जुनं ऑइल काढून नवं भरणं) समोर उभं राहून करून घ्या. काही जण टाकीतलं तेवढं उपसून नवं ओततात.