आपलं काम आपल्याला कधी सापडलं? अनुभव सांगा

फोंड्याची माई
गेल्या महिन्यात लेकीने हट्टाने पणजीला एका शिबिराला पाठवलं. तिथे हातात कागद दिला, वर छापलेलं, 'माझ्या जगण्याचं प्रयोजन'. वेळ वीस मिनिटं. बँकेत एकतीस वर्षं लोकांकडून फॉर्म भरून घेतले, आणि मला एक ओळ सुचेना! शेजारच्या बाईने 'चवथ' (गणेशचतुर्थी) एवढंच लिहिलं आणि डुलकी काढली. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीला, काय काय बांधायचं, कुठल्या रानात काय मिळतं, याचाच वर्षभर विचार करते म्हणे. मला तिचं पटलं. तुमचं कसं? मोठं काही नको. काय करताना कळलं, तेवढं सांगा.

टिपरवाला, डिचोली
खाणीचा माल वाहणारे माझे दोन टिपर (ट्रक) होते. २०१२ला खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला, परत सुरू झाल्यावर कर्ज काढून नवा घेतला. (हसू नका, अख्ख्या वाड्याने तेच केलं.) मग सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि १६ मार्च २०१८पासून सगळं ठप्प. टिपर फणसाखाली, हप्ता डोक्यावर, आणि मी दिवसभर घरात बायकोशी भांडायला मोकळा.

घरामागे बावीस माड आहेत. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, तीन महिने फिरकला नाही, नारळ पडून कौलं फुटायला लागली. नारळ विकास मंडळाचं सहा दिवसांचं प्रशिक्षण असतं, यंत्राने माडावर चढायचं. गेलो ते पाडेल्याचे पैसे वाचवायला. दोन पायांना दोन लोखंडी चौकटी, प्रत्येकीच्या तारेचा फास माडाभोवती. पाय उचलला की फास सैल होतो, वर सरकवायचा. भार दिला की आवळतो. पहिले दोन दिवस मांड्या थरथरत होत्या.

घरच्या माडावर पहिल्यांदा चुडतांपर्यंत (झावळ्यांपर्यंत) पोचलो तेव्हा खाली टिपर दिसला. बॉनेटवर बायकोने कोकमाची सोलं वाळत घातली होती. इतका हसलो की यंत्र हललं.

हॉटेलात चहाला गेलं की मागून ऐकू यायचं, "टिपरवालो पाडेली जालो रे!" सासरे दोन महिने बोलले नाहीत. पण फोन थांबेनात. माडावर असताना हप्ता आठवत नाही, हे एका रात्री आडवा झालो तेव्हा ध्यानात आलं. आता काही खाणी सुरू झाल्यात. टिपर कधीच विकला, परत घेणार नाही.

पेडण्याचा
मला काहीच सापडलेलं नाही. वय २९. चार वर्षं सरकारी भरतीच्या परीक्षा देतोय. दर चवथीला मामा विचारतात, "मग, पुढे काय?" इथेही तेच चाललंय.

कुर्डीची
आमचं गाव साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि माणसं सोमेश्वराकडे जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं घर कुठे होतं ते सांगणारे पुष्कळ, आमच्या घराचं जोतं ओळखणारी आई एकटी. सहा वर्षांपूर्वी त्या भेगाळलेल्या चिखलात चालता चालता ती थबकली. "हो मांड," म्हणजे हीच नाचायची जागा, असं म्हणाली आणि धालोची, बायकांच्या त्या नाचाची, पावलं टाकायला लागली. तोंडातून ओवी आली. मी कधी न ऐकलेली. पर्समध्ये किराण्याचं बिल होतं, त्याच्या मागे उतरवून घेतली.

घरी येऊन म्हटलं, पुढचं सांग. आठवेना. मग तिला उभी केली, कमरेला हात घातला, चार पावलं पुढे, वाकून, चार मागे. लगेच पुढची ओळ! तेव्हापासून असंच चालू आहे, तिसरी वही झाली. आता तिचे गुडघे धरतात, म्हणून नाचते मी, ती खुर्चीत बसून सांगते आणि लिहायला धाकटी. याला काम म्हणायचं का, ते मला माहीत नाही. पगार अंगणवाडीचा.

माशेलकर
२०१९मध्ये सरकारने घुमटाला, आरतीला वाजवतो त्या आमच्या मातीच्या वाद्याला, वारसावाद्य ठरवलं, आनंद आहे. पण आरतीच्या ऐन वेळी घुमट फुटलं की मढवायचं कोणी? घोरपडीच्या कातड्यावर बंदी, ती हवीच. बकऱ्याचं कातडं मात्र वेगळंच बोलतं. यंदा अकरा मढवली, सहा बिघडली. बायको म्हणते, ओसरीवर वास येतो. येतोच.

टिपरवाला, डिचोली
पेडणेकरा, मामांना सोड. शनिवारी म्हापशाजवळ चाळीस माड पाडायचेत, खाली नारळ गोळा करायला माणूस हवाय. सहाशे रुपये आणि जेवण. वर चढायला लावणार नाही. सकाळी साडेसहाला म्हापशाच्या बसस्टँडवर थांब. जुनी पँट घाल, डाग जात नाहीत.