बाहेरून आलेले लोक जास्त जगतात, हे खरं का?

धरमपेठवाला: माझा मोठा भाऊ २२ वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. परवा फोनवर म्हणे अमेरिकेत बाहेरून आलेले लोक तिथं जन्मलेल्यांपेक्षा जास्त जगतात. मला काही पटून नाही राहिलं, घरदार सोडून गेलेला माणूस जास्त कसा जगन? आईला सारखी त्याचीच काळजी असते, म्हणून विचारून राहिलो.

पीएसएमवाली ताई: भाऊ बरोबर सांगून राहिला तुमचा. तिथल्या हिस्पॅनिक लोकांचंच पाहा, म्हणजे मेक्सिको, क्युबासारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेले अन् त्यांची पोरंबाळं, त्यात बाहेरून आलेले बरेच. २०१९ मध्ये त्यांचं सरासरी आयुर्मान ८१.९ आणि गोऱ्यांचं ७८.८ होतं, तेही कमाई कमी, इन्शुरन्स कमी असताना. एक तर जो आजारी असतो तो देश सोडून निघतच नाही, धडधाकटच निघतो. अन् सिगारेट! हे लोक कमी ओढतात, फरकाचा मोठा हिस्सा तिथंच आहे.

साइट सुपरवायझर, हिंगणा: ताई, पण मोजणीतच गडबड असली तर? आमच्याकडे बालाघाट, छत्तीसगडचे मजूर असतात, तब्येत बिघडली की सरळ गाव गाठतात. एक मिस्त्री होता, खोकून खोकून अर्धा झाला होता, आम्ही म्हटलं मेडिकलला, सरकारी दवाखान्यात दाखव, तर तो रात्रीच्याच गाडीनं निघून गेला अन् महिन्याभरानं भाच्याचा फोन आला की गेला. त्याची नोंद गावात. नागपूरच्या कागदावर तो मेलाच नाही ना!

पीएसएमवाली ताई: दादा, अगदी नेमकं बोललात. याला सॅल्मन बायस म्हणतात, तो मासा शेवटी जन्माच्या नदीत परततो ना, त्यावरून. पण १९९९ च्या एका अभ्यासात हेच तपासलं. क्युबाचे लोक परत जाऊ शकत नव्हते, पोर्टो रिको हा अमेरिकेच्याच ताब्यातला भाग, तिथले लोक परत गेले तरी मृत्यू अमेरिकेच्याच आकड्यात धरला जातो, तरी दोघांचाही मृत्युदर गोऱ्यांपेक्षा कमीच निघाला. म्हणजे नुसती मोजणीची चूक नाही. पण हा फायदा कायमचा नाही, तिथं जितकी वर्षं काढाल तितका तो घटत जातो. अन् २०२० च्या कोविडमध्ये हिस्पॅनिक लोकांचं आयुर्मान एका वर्षात जवळपास ४ वर्षांनी घसरलं, कारण कारखान्यात, शेतात राबणाऱ्याला कुठलं वर्क फ्रॉम होम. धरमपेठवाले, आपल्या लोकांना शुगर अन् हार्टचा धोका वजन कमी असलं तरी असतो, भावाला तपासणी करायला सांगाच.

धरमपेठवाला: आजच लावतो फोन, बाबांनाही शुगर होती. दादा, त्या मिस्त्रीच्या घरचे कुठं आहेत आता?

साइट सुपरवायझर, हिंगणा: बायको आमच्याच साइटवर आहे, रेती चाळते. तिलाही खोकला लागला आहे. उद्या मीच घेऊन जातो मेडिकलला.