मदत हवी आहे: हंगेरियन ‘अपा’ला मराठीत बाबा, वडील की बाप?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा जुना परदेशी सिनेमा लावतो. निम्मे प्रेक्षक सत्तरीपुढचे, इंग्रजी सबटायटल्स त्यांना गाठता येत नाहीत. या खेपेला मराठी ओळी लिहायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलंय आणि आता अडकलेय. सिनेमा इश्त्वान साबोचा ‘अपा’, १९६६चा.

अपा म्हणजे बाप. (एक काकू लगेच म्हणाल्या, “अगं, मग आप्पाच लिही की!”) दुसरं महायुद्ध संपतं त्या सुमारास छोट्या टाकोचे डॉक्टर वडील जातात. मागे उरतं त्यांचं घड्याळ, चष्मा आणि पोराच्या थापा. शाळेत तो बापाला असा लढवय्या करून सांगतो की हसू येतं आणि घशाशीही दाटतं. मोठेपणी ओळखीच्यांकडे चौकशी करत फिरतो, तर निघतो एक साधासुधा, भला डॉक्टर.

इंग्रजीत सगळीकडे ‘फादर’. मी स्वप्नातल्याला ‘बाबा’, वर्गात मिरवायच्याला ‘माझे वडील’ आणि शेवटी शोधतो त्याला ‘बाप’ केलं. नवऱ्यानं वाचून विचारलं, “एकूण तीन माणसं आहेत का?”

दुसरी अडचण. त्यात एका सिनेमाचं शूटिंग आहे. टाको आधी पिवळा तारा (तेव्हा ज्यूंना सक्तीनं लावावी लागणारी खूण) लावून ज्यूंच्या घोळक्यात चालतो, मग त्यालाच उचलून बंदूकवाल्या ‘न्यिलश’ पहारेकऱ्यांत उभं करतात. न्यिलश म्हणजे हंगेरीचे घरचेच फॅसिस्ट. ‘नाझी’ लिहिलं तर ते जर्मन वाटतील आणि प्रसंगाची बोचच जाईल. शब्दशः ‘बाणवाले’ होतं, पण आपल्याकडे बाण म्हटलं की निवडणूकच आठवते, भलत्या जागी हशा पिकेल.

प्रतिसाद १: शब्द एकच ठेवा, ‘बाबा’. फरक क्रियापदात करा. लहानपणी ‘बाबा आला’, मोठेपणी ‘बाबा आले’. हंगेरियनमध्येही आपल्यासारखा तू-तुम्ही भेद आहे, इंग्रजी ‘यू’त तो गडप होतो. त्यामुळे ‘यू’वर विसंबू नका.

धागाकर्ती: अहो, हे सुचलंच नव्हतं! काल रात्री बसून पहिली वीस मिनिटं बदलली. ‘बाबा आला’ वाचून नवरा गप्प बसला, म्हणजे जमलं असावं. न्यिलशचं मात्र सुचवा कुणीतरी, शनिवारी खेळ आहे.