नेरुळचा तो रविवार : १५ डिसेंबर २०१९

मंडळी, डीवाय पाटील स्टेडियमवर यू-टू हा आयर्लंडचा रॉक बँड आला होता, त्या रात्रीबद्दल आम्ही मित्र भेटलो की अजून बोलतो. त्याच मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, आम्ही तिथेही गेलो, तरी गप्पा फिरून त्या रविवारवर येतात. तुम्ही आत असा की बाहेर, त्या रात्रीतलं काय अजून तुमच्याजवळ आहे ते इथे लिहा. सुरुवात मी करतो.

सानपाडा
दुपारी चारलाच जुईनगरला उतरून चालत गेलो. मला वाटलं होतं, सुरुवातीलाच दणका असेल. तसं काही झालं नाही. ड्रमर लॅरी मलन एकटाच चालत पुढे आला. मैदानात शिरलेला एक छोटा मंच होता, झाडाच्या सावलीच्या आकाराचा. तिथे जाऊन बसला आणि वाजवायला लागला. मागून बाकीचे आले. एवढ्या अवाढव्य मैदानात चार माणसं एकमेकांना खेटून उभी, मागचा पडदा काळा. पहिली काही गाणी तशीच झाली. मग ते मुख्य मंचावर गेले आणि साठेक मीटर रुंदीचा तो पडदा एकदम लाल झाला. त्या लालीवर चौघांच्या काळ्या आकृत्या. शेजारी पन्नाशीचे एक अनोळखी गृहस्थ होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.

नौपाडा, ठाणे
'द जोशुआ ट्री' हा यू-टूचा अल्बम १९८७ चा. दादाने आणि मी पैसे जमवून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणली होती. पहिल्या बाजूला पाच गाणी. पाचवं संपताना माउथ ऑर्गन वाजतो, मग नुसती टेपची खरखर, आणि खट्ट करून बटण वर. दादा पलंगावरूनच म्हणायचा, "पलट रे." पलटायचं काम धाकट्याचं, म्हणजे माझं. कॅसेट झिजेपर्यंत हे चाललं.

नेरुळला त्यांनी अख्खा अल्बम त्याच क्रमाने वाजवला. पाचवं गाणं आलं, माउथ ऑर्गन विरत गेला आणि माझा उजवा हात आपोआप उचलला गेला. दादाला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. सोबत मुलगी होती. "बाबा, काय झालं?" म्हणाली. मला सांगता येईना. तेवढ्यात सहावं सुरू झालं. ते तिला आवडलं, आजही ती गाडीत तेच लावते.

नेरुळ
मी आत नव्हते. खरं तर हे लोक कोण, हेही तोवर ठाऊक नव्हतं. संध्याकाळी भाकऱ्या करत होते तर स्वयंपाकघराची तावदानं थरथरायला लागली. सासूबाई आधी वैतागल्या, मग खुर्ची घेऊन बाल्कनीत जाऊन बसल्या. बऱ्याच उशिरा एक वेगळीच चाल ऐकू आली. त्या म्हणाल्या, "अगं, हा आपला रहमान वाटतो." खरंच ए. आर. रहमान होते! सोबत त्यांच्या दोन्ही मुली, खतीजा आणि रहीमा. तिरुक्कुरळ या प्राचीन ग्रंथातल्या तमिळ ओळी होत्या हे मला नंतर कळलं. त्यानंतर मी या बँडचं सगळं ऐकून काढलं, पहिल्या अल्बमपासून. तीन महिन्यांनी टाळेबंदी लागली तेव्हा सासूबाई संध्याकाळी त्याच खुर्चीवर बसायच्या आणि म्हणायच्या, लाव गं ते.

घणसोली
तिकीट परवडणारं नव्हतं. सायन-पनवेल रस्त्याच्या कडेला दोन तास उभा होतो. गाड्यांच्या आवाजातून गिटार तुटक तुटक यायची, पण त्यांचा गिटारवादक एज, त्याची ती घुमत परत येणारी गिटार लगेच ओळखू येते. तिथून जाताना अजून ती कडा दाखवतो मुलांना.

कळवा
मी ढोलताशा पथकात ताशा वाजवतो, म्हणून मी गेलो तो लॅरीसाठीच. हा माणूस पोरवयात डब्लिनला मार्चिंग बँडमध्ये वाजवायचा, आणि ते त्याच्या हातात अजून आहे. त्याचा स्नेअर, म्हणजे ताशासारखा खणखणणारा ड्रम, चालीवर चालतो, मिरवणुकीसारखा. १९७६ मध्ये शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावून त्यानेच बाकीच्यांना गोळा केलं, पहिली तालीम त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात झाली. तेच चौघे त्रेचाळीस वर्षांनी नेरुळला माझ्यासमोर!

नेरुळ हा त्या दौऱ्याचा शेवटचा मुक्काम होता. बँड पुन्हा मोठ्या कार्यक्रमाला उभा राहिला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, लास व्हेगासच्या स्फिअर या सभागृहात, आणि तिथे ड्रमवर लॅरी नव्हता, त्याच्या जागी ब्रॅम व्हॅन डेन बर्ग होता. ही बातमी वाचली त्या रात्री मी जुना फोन शोधून काढला. सुरुवातीच्या चाळीस सेकंदांची क्लिप मी तेव्हा घेतली होती. चित्रात काळोख आणि कुणाचं तरी डोकं. मध्येच एक बाई ओरडते, "अहो, हात खाली घ्या ना!" पण मागे ड्रम स्वच्छ आहे, प्रत्येक ठोका मोजता येतो. आता ती तीन ठिकाणी जपून ठेवली आहे.

परवा तालमीनंतर पथकातल्या एका नव्या पोराला ऐकवली. त्याने दोनदा कान लावून ऐकली आणि म्हणाला, "दादा, परत लाव, डावा हात ऐकायचाय."