मदत हवी आहे: कॉरिडॉर मूळचा की मागाहून घातलेला?

विद्यापीठाच्या एका निवासी कॉलेजच्या इमारतीचा बांधकामक्रम लावायचा आहे. जुनी पद्धत म्हणजे एकेका जिन्यावर मोजक्या खोल्या. ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात (१८७०, वास्तुकार विल्यम बटरफिल्ड) मात्र खोल्या कॉरिडॉरलगत आहेत. या इमारतीत दोन्ही दिसतं: चार जिने, आणि त्यांना जोडणारा कॉरिडॉर. मूळ नकाशे नाहीत.

कॉरिडॉरची भिंत अर्ध्या विटेच्या जाडीची, तिला काटकोनात मिळणाऱ्या भिंती दीड विटेच्या. एका कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत वीतभर रुंद गिलावा काढून पाहिला. सांधा सरळ, विटा एकमेकींत गुंतवलेल्या नाहीत. पण तेवढ्यावर भिंत नंतरची ठरत नाही. अशी पातळ आडभिंत, म्हणजे पडदी, त्याच कामात शेवटी चढवतातच. विटांमधले सांधे दोन्हीकडे चुन्याचेच, तिथेही काही कळेना. तिसऱ्या जिन्यापाशी जमीन दोन बोटं उतरते, एवढाच काय तो धागा.

आणखी गिलावा फोडायची परवानगी नाही. जमिनीची एक फळी उचलता येईल. फळ्या पडदीखालून सलग गेल्या असतील तर पडदी नंतरची असण्याचीच शक्यता जास्त. पण खाली जोड-तुळई (पडदीचा भार पेलायला लगत टाकलेली दुहेरी तुळई) निघाली, तर ती मूळची की पडदी घालताना सरकवलेली, हे करवतीच्या खुणांवरून ओळखावं, खिळ्यांवरून, की टोकाच्या खाचेवरून?