तालुक्याच्या गावात गाण्याच्या क्लासवर घर चालतं का? माझं मत : चालतं, पण फी आगाऊ घेतली तरच

लातूरची पेटी (धागा सुरू करणारा)

मागच्या आठवड्यात अहमदपूरच्या एका मुलाचा फोन आला. नुकताच विशारद झालाय. विचारत होता, "सर, क्लास काढू का शाळेत जागा निघायची वाट बघू?" मी म्हणालो, वाट बघू नकोस. माझ्या बरोबरीचे चौघं अशीच वाट बघत बसले. त्यातले दोघं आज मोबाईलच्या दुकानात कामाला आहेत आणि पेट्या माळ्यावर. मग त्यानं खरा प्रश्न काढला, "फी मागायची कशी?" त्या प्रश्नासाठी हा धागा.

मी चौदा वर्षं लातुरात गाणं आणि पेटी शिकवतो. नोकरी नाही, शेत नाही. नऊ मुलांवर सुरुवात केली, आज 46 आहेत. हिशेब उघड मांडतो, कारण आपल्यात तो कुणी मांडत नाही आणि नवीन पोरं अंदाजानं उड्या घेतात. आठवड्यातून दोन दिवस, महिन्याला 800 रुपये. म्हणजे 36,800. पण वर्ष दहा महिन्यांचंच धरायचं. वार्षिक परीक्षा आणि मे मिळून दोन महिने रिकामे जातात. आले 3,68,000. खोलीचं भाडं मात्र बाराही महिने, 6,000 प्रमाणे 72,000 गेले. उरलेल्या 2,96,000 मधून तबल्याच्या पुड्या, पेटीची दुरुस्ती, गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम. महिन्याला साधारण 23,000 हातात राहतात. दोन लेकरांची शाळा आणि घर त्यात चालतं.

पहिली सहा वर्षं हे जमत नव्हतं, कारण फी महिना संपल्यावर घ्यायचो. दर महिन्याला आठ-दहा जणांची बुडायची. मग ठरवलं : 5 तारखेच्या आत आगाऊ, मूल आलं नाही तरी ती वेळ त्याचीच होती म्हणून फी परत नाही, आणि घरी जाऊन शिकवणी बंद. पहिल्याच महिन्यात अकरा मुलं गेली. बायको काही बोलली नाही, पण किराण्याची यादी लहान झालेली मला दिसली. दिवाळीपर्यंत तेरा नवी आली.

एक गोष्ट सांगतो, मग तुम्ही बोला. माझ्या गुरुजींनी चाळीस वर्षं नारळावर आणि गुरुपौर्णिमेला ताटात पडेल त्यावर शिकवलं. शेवटच्या आजारपणात त्यांचा मिरजेचा तंबोरा विकावा लागला. पुढं तो मला एका बंगल्याच्या हॉलमध्ये दिसला. कोपऱ्यात उभा, वरून दिवा सोडलेला. तारा गंजलेल्या, घोडीवर जव्हारीचा, म्हणजे सूर झंकारावा म्हणून तारेखाली घालतात तो, दोरा नाही. मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि चहा न घेता निघालो.

म्हणून माझं म्हणणं : "विद्या विकायची नसते" हे वाक्य शिकवणाऱ्यानं आपल्या तोंडून काढून टाकावं.

केजचा मृदंगी

राम कृष्ण हरी, सर. गुरुजींचं वाचून जीव तुटला. पण वाक्य काढून टाका म्हणता, ते मला पटंना.

मी मृदंग शिकवतो, एक रुपया घेत नाही. रात्री आठला मारुतीच्या देवळात पंधरा-सोळा पोरं बसतात. त्यातल्या निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला जातेत. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतेत, पोरंबी संगं. पाडव्याच्या आगंमागं वापस येतेत. मी 5 तारखेची आगाऊ फी कुणाला मागू? त्या कोयत्याला, म्हंजी ऊस तोडणाऱ्या जोडप्याला? त्यानं मुकादमाकडनं उचल घेतलीय, ती फेडायला जायलाय तो. त्यातली फी मागू?

मागच्या साली एक पोरगं पाच महिन्यांनी आलं. मोळ्या उचलून बोटं लाकडासारखी झालती. "तिट" हा बोल काय निघंना. रडायला लागलं. मी डाव्या तोंडाला कणीक लावून त्याच्यापुढं सरकवला आन् म्हणलं, नुसता "धा" दे. पहिल्याच थापंला असा "धा" निघाला की देवळातली म्हातारी माणसं वळून बघायला लागली. ते पोरगं पैसे मागितले असते तर उंबऱ्याच्या आत आलं नसतं.

शंकरबापू आपेगावकर इथलेच, अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे. पखवाजासाठी पद्मश्री मिळाली त्यांना. हा हात कीर्तनाच्या गादीमागं, देवळात घडतो, सर. माझं पोट सप्ताहाच्या बिदागीवर भरतं. शिकवल्यानं मला जोडीला वाजवणारे मिळतेत. शिकवणं आन् कमावणं येगळं ठेवलं तरी माणूस जगतो.

लातूरची पेटी

माउली, कोयत्याचं तुमचं बरोबर आहे. तिथं माझा नियम लागू नाही, आणि लावू पण नये.

पण मला हे वाक्य कोण ऐकवतं ते सांगतो. ज्या घरात अकरावी-बारावीच्या क्लासची लाखाच्या पुढची फी पहिल्या दिवशी चेकनं भरली जाते, त्याच घरात मला 800 रुपयांसाठी "सर, विद्येचं कुठं मोल असतं का" म्हणतात. तुमच्याकडं सप्ताह आहे, गादी आहे, गाव सांभाळून घेतं. खयाल शिकलेल्या, जमीन नसलेल्या, शहरात भाड्यानं राहणाऱ्या पोराकडं काय आहे? तुमचा देवळातला वर्ग त्याला नमुना म्हणून दाखवला तर तो दोन वर्षांत मोबाईलच्या दुकानात दिसेल.

संभाजीनगरची आई

मी पालकांच्या बाजूनं लिहिते, थोडं कडू वाटेल. आम्ही चार वर्षं आगाऊ फी दिली, एकदाही चुकली नाही. मुलगी "प्रवेशिका पूर्ण" ही गाण्याची परीक्षा पास झाली, प्रथम श्रेणीत. गणपतीत आत्या म्हणाली, गा गं काहीतरी. तिनं वही मागितली. वही सापडेना. भूपातली पहिल्या वर्षाची बंदिश, ती पण आठवेना. पेटीवर सर नाहीत तर सा कुठून लावायचा तेही कळेना. ती आत जाऊन बसली. मी तिच्यावर चिडले नाही, मला स्वतःचीच लाज वाटली.

क्लासमध्ये वर्षातून दोनदा परीक्षेचे फॉर्म यायचे आणि आधीचे दोन महिने फक्त त्याचीच तयारी. रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, सगळं पाठ. दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळतात, म्हणून आम्ही पालकही मागं लागतो, तो आमचा दोष. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या अभ्यासक्रमाला मी नावं ठेवत नाही, तिथं गायलाच सांगितलंय. पण शिकवणारा प्रमाणपत्राचा एजंट झाला, तर त्यानं आगाऊ फी कशाच्या जोरावर मागायची? मला महिन्याअखेर एवढंच कळू द्या की माझ्या मुलीला या महिन्यात काय यायला लागलं.

लातूरची पेटी

ताई, हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मीही पाच-सहा वर्षं प्रत्येक सत्राला मुलं बसवली. पास झालेला मुलगा दाखवला की चार नवे पालक येतात, हे खरं आहे. एकदा विष्णु दिगंबर पलुस्करांबद्दल वाचत होतो. 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते सामान्य घरातल्या माणसाच्या गळ्यात गाणं यावं म्हणून. मुलांच्या वह्या समोर पडल्या होत्या. सगळ्यांत अक्षर सुंदर.

आता वर्षाला एकच परीक्षा, तीही मूल तयार असेल तरच. आणि महिन्यातला एक वर्ग पेटी बंद. तंबोऱ्याचं ॲप सुरू ठेवायचं, एकेकानं आपला सा शोधून लावायचा आणि वहीशिवाय मागच्या महिन्यातलं म्हणायचं. त्या दिवशी पालकांना मागं बसू देतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सव्वीसपैकी नऊ जणांना सा सापडला. आज बहुतेकांना सापडतो. पण फीचं मत तेच आहे. ताई, तुम्हाला वाईट शिकवणी मिळाली. ती फी महिन्याच्या शेवटी दिल्यानं चांगली झाली नसती.

परभणीहून पुण्यात

सगळे चुकीच्या गावात बसून हिशेब करताय असं स्पष्ट वाटतं. मी परभणीत चार वर्षं क्लास चालवला. नववीत गेलं की मूल बंद, दुष्काळ पडला की मूल बंद. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडंही गाण्याची फी कोण देणार होतं? आता पुण्यातून ऑनलाइन शिकवतो. परदेशातली मराठी मुलं आहेत, सकाळी सहा आणि रात्री नऊनंतर वर्ग. तुमच्या महिन्याच्या फीएवढे पैसे एका तासाला मिळतात. अहमदपूरच्या मुलाला सांगा, चांगला माईक घे, इंग्रजी सुधार आणि बाहेर बघ.

आणि कुणी गायक नाथराव नेरळकरांचं नाव घेईल म्हणून आधीच सांगतो. सरांनी नांदेड-संभाजीनगरात राहून पिढ्या घडवल्या, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, सगळं मान्य. पण त्यांच्या पाठीशी कॉलेजची नोकरी होती. ती नोकरी आज कुठं आहे?

नांदेडची बाई

नोकरीचं बोललात ते खरं आहे, दादा, त्याला उत्तर नाही. पण ऑनलाइनवर बाळ तालात कसं बसवता? इकडून ठेका दिला की तिकडं उशिरा पोचतो. मुलाचा आवाज परत यायला आणखी उशीर. एकत्र गाणं-वाजवणं होतच नाही. आधी तुम्ही गा, मग मी, असंच चालतं. पाचसहा वर्षं शिकलेल्याला ते चालेल. पहिली मात्रा कुठं पडते हेच ज्याला अजून कळलं नाही, त्याच्या शेजारी बसून मांडीवर टाळी द्यावी लागते.

लातूरच्या सरांशी मी फीबाबत शंभर टक्के सहमत आहे. मला तर दुप्पट त्रास झाला. नवरा नोकरीला, म्हणून "तुम्हाला काय, घरबसल्या छंद" हे ऐकत आले. फी मागितली की लोकांचा चेहरा बदलायचा. पण सर, "घरी जाऊन शिकवणी बंद" हे तुमचं चुकलं, आणि तिथंच तुमचे दोन रिकामे महिने भरून निघाले असते.

माझ्या उत्पन्नातला मोठा वाटा पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा आहे. निवृत्त शिक्षिका, सुना आल्यावर मोकळ्या झालेल्या, भजनी मंडळातल्या. दुपारी तीन ते साडेचार. सहाजणींच्या एका घरी जाते, कारण त्यातल्या दोघींना जिना चढवत नाही आणि एकीचा नवरा अंथरुणाला आहे. यांना दहावी नाही, "नीट"ची परीक्षा नाही. मेमध्ये नातवंडं आली तरी येतात. फी महिना लागायच्या आधी पाकिटात तयार, वर तारीख घालून.

फक्त यांना मुलींसारखं शिकवायचं नाही. मी सुरुवातीला काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात बसवलं. अभंग वर गेला की एकेक जण ओठ हलवून गप्प. मला वाटलं, सराव नाही. मग एक आजी म्हणाल्या, "बाई, तुमी वर जाता, आमी खालीच राहिलो." काळी तीनवर उतरले आणि खोली भरून गेली. त्या आजींना चाळीस वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं की तुला आवाज नाही. आपण मुलांमागं धावतो आणि ज्यांना खरंच गायचंय त्या दाराशी उभ्या असतात.

परभणीहून पुण्यात

तालाचं मान्य. लहान मुलं मी घेतच नाही, आठ वर्षांपुढचीच. पण सहा आजींवर अहमदपूरच्या मुलाचं लग्न जमणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

नांदेडची बाई

माझ्याकडं अशा चार तुकड्या आहेत, दादा. सहा चोक चोवीस.

लातूरची पेटी

ताई, बायकांची दुपारची तुकडी मला चौदा वर्षांत सुचली नाही. माझी खोली दुपारी चारपर्यंत कुलूप लावून असते आणि भाडं तेव्हाही चालू असतं. हे मी करणार. घरी जाण्याचा नियमही या एका तुकडीसाठी मोडतो.

केजचा मृदंगी

ताई, तुमचं वाचून एक विचारायचं हाय. आमच्या गावातल्या बायांचं भजनी मंडळ पेटी शिकायचं म्हणायलंय. गावातलीच एक पोरगी अंबाजोगाईला गाण्याच्या मध्यमा परीक्षेपर्यंत शिकलीय, ती शिकवायला तयार हाय. तिचा बाप मला म्हणला, "माउली, तुम्ही फुकट शिकवता, मग हिनं पैसे घेतले तर गाव काय म्हणंल?" दोन दिवस झोप लागली नाही मला. माझं फुकट शिकवणं त्या पोरीच्या आडवं यायलंय, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

मी माझ्या पोरांकडनं घेणार नाही, ते पक्कं. पण तिनं घ्यावं, हे मी देवळात सगळ्यांसमोर सांगणार हाय. बाया बचत गटवाल्या हायेत, द्यायला तयार हायेत. किती सांगू? आन् देवळातल्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय.

नांदेडची बाई

माउली, 300 सांगा, आठ बाया असतील तर. आणि आकडा तिला स्वतःला सांगू द्या, तुम्ही नुसते शेजारी बसा. पहिल्या दिवशीच, पेटी उघडायच्या आधी. एकदा गाणं सुरू झालं की मग बोलायला जीभ उचलत नाही, माझं तसंच झालं होतं.

लातूरची पेटी

भात्याला कडक होणारा डिंक लावू नका, घडीवर परत फाटेल. पेटी गोणपाटात बांधून एसटीनं लातूरला पाठवा, सूर वरच्या बाजूला राहतील असं बघा. चामडं माझ्याकडं आहे. आठ दिवसांत परत पोचवतो.